उन्हाळ्यात उतरणारा वरचा सा

मे महिन्यात आमच्या परभणीत पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, आणि माझा घरी बनवलेला ऑसिलेटर नेमका तिथंच ठेवलेला. पहाटे सुरात वाजायचा, दुपारी तीनला बेसूर. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "खालचा सा बरोबर हाय बघ, वरचा उतरायलाय." मी मीटर लावायच्या आधीच त्यांनी रोग बरोबर धरला होता.

आधी हे काय आहे ते सांगतो. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे सुटे डबे, एक आवाज काढतो, एक गाळतो, एक कमीजास्त करतो, आणि आपण ते वायरींनी पाहिजे तसे जोडायचे. जिथून आवाज निघतो तो ऑसिलेटर.

घरच्या टाकीला ऑटो असतो ना, पाणी खालच्या खुणेला आलं की मोटार चालू, वरच्या खुणेला गेलं की बंद, मधल्या मधे पाणी हललं तर तो हलत नाही. ४०१०६ नावाच्या चिपमध्ये असे सहा ऑटो असतात, त्यांना श्मिट ट्रिगर म्हणतात. कपॅसिटर ही टाकी आणि रेझिस्टर हा पाइप. टाकी वरच्या खुणेला गेली की आउटपुट पडतं आणि त्याच पाइपातून टाकी रिकामी व्हायला लागते, खालच्या खुणेला आली की परत भरायला, असं सेकंदाला शंभर वेळा झालं की तो आपल्याला स्वर म्हणून ऐकू येतो. १०४ नंबरचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर शंभर-सव्वाशे हर्ट्झ मिळतात, चिप बदलली की थोडा फरक पडतो. रेझिस्टर दहापट केला की स्वर नाहीसा होऊन नुसतं टकटक टकटक ऐकू येतं, आणि मला हे लई आवडतं, कारण ताल आणि सूर एकच गोष्ट आहे, फक्त वेग वेगळा, हे कानाला कळतं.

एक सांभाळा. ७४एचसी१४ या चिपचे पाय हुबेहूब ४०१०६ सारखेच असतात, दुकानात एकीच्या जागी दुसरी दिली जाते, मला दिली होती. ती ६ व्होल्टपर्यंतच चालते, ९ व्होल्टच्या बॅटरीवर माझी जळली. आणि जे ऑटो वापरत नाही त्यांचे इनपुट ग्राउंडला जोडा, मोकळे सोडू नका.

इथपर्यंत एका दुपारचं काम आहे. खरं काम सुरात वाजवण्याचं. रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात जी पद्धत रूढ केली त्यात १ व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो, म्हणजे १०० हर्ट्झचे २००, मग ४००, मग ८००. दर व्होल्टला दुप्पट. हे दुप्पट करायचं काम ट्रान्झिस्टर, म्हणजे व्होल्टेजनं कमीजास्त उघडणारा नळ, जन्मजात करतो, २५ अंशाला त्याच्या बेसवर (नळाची चावी असलेल्या पायावर) १८ मिलिव्होल्ट वाढवले की करंट दुप्पट, म्हणजे टाकीचा वेगही दुप्पट. म्हणून पाइपाच्या जागी ट्रान्झिस्टर बसवायचा आणि दोन रेझिस्टर लावून १ व्होल्टचे १८ मिलिव्होल्ट करून त्याला द्यायचे.

आता ऊन. ट्रान्झिस्टर तापला की त्याचा करंट आपोआप वाढतो, त्यावर उपाय म्हणजे एकसारखे दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ चिकटवायचे, एकाची वाढ दुसरा कापतो. पण ते १८ मिलिव्होल्टसुद्धा तापमानाबरोबर वाढतात, अंशाला साधारण ०.३३ टक्के, आणि ही वाढ ट्रान्झिस्टरांच्या जोडीनं कापली जात नाही. ४३ अंशाला १८ चे १९ होतात, आपण मात्र १८च देतोय, म्हणून सप्तक पुरतं दुप्पट होत नाही. एका सप्तकात सुमारे ०.७ स्वर कमी पडतो (पेटीच्या बारा पट्ट्यांच्या हिशोबानं), चार सप्तकं वर गेलो की जवळजवळ पावणेतीन. खालचा सा जागेवर, वरचा उतरलेला. मामांच्या कानाला हेच लागलं.

यासाठी खास रेझिस्टर मिळतो, अंशाला ०.३३ टक्के वाढणारा, पण तो इकडं सहज मिळत नाही. तांबं मात्र मिळतं! तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स अंशाला ०.३९ टक्के वाढतो, आणि १२ व्होल्टच्या छोट्या रिलेच्या आत अशी तार आधीच गुंडाळलेली असते, साधारण ४०० ओहम. तिच्या पुढं ७५ ओहमचा साधा रेझिस्टर जोडला की दोन्ही मिळून ०.३३ टक्क्यांवर येतात. १ व्होल्टचे १८ मिलिव्होल्ट करणाऱ्या त्या दोन रेझिस्टरांत ही जोडी खालच्याच्या (ग्राउंडकडच्या) जागी, वर साधारण २६ किलोओहम. ऊन वाढेल तसे १८ चे १९ मिलिव्होल्ट तीच करून देते. फक्त कॉइल ट्रान्झिस्टरच्या अगदी जवळ ठेवायची, म्हणजे दोघांना सारखीच झळ लागेल, आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब, नाहीतर हम, म्हणजे घुमणारा आवाज, येतो.

परवा भर दुपारी मामांना परत बोलावलं. वरचा सा त्यांनी पेटीशी मिळवून बघितला, मान हलवली आणि म्हणाले, आता पंचम लाव.