लेबल लाल झालं म्हणजे नेमकं काय कळलं?

गामा रेडिएशनने स्टेराइल (जंतुमुक्त) करायला पाठवायच्या खोक्यांवर लावायची लेबलं आम्ही देतो, त्यांच्यावरचा पिवळा ठिपका रेडिएशनने लाल होतो. आम्हाला सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात. रेडिएशन प्लांटमधून माल परत आला की कोणीतरी खोके शेजारी शेजारी लावून ठिपके बघतं, एक गडद लाल, दुसरा जरा फिका, आणि लगेच अख्खा लॉट होल्डवर. मग आम्हाला फोटो, क्यूसीचे (क्वालिटी कंट्रोलचे) ईमेल, तिकडे डिस्पॅच अडलेला, आणि मालाला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं.

म्हणून स्पष्टच लिहितो. पिवळ्याचा लाल झालेला ठिपका एवढंच सांगतो की हा खोका रेडिएशनमधून जाऊन आलाय. डोस, म्हणजे मालात शोषलं गेलेलं रेडिएशन, किती बसला ते त्यातून कळत नाही आणि माल स्टेराइल झाला हेही कळत नाही. स्टेरिलायझेशनला लागतो त्याहून कमी डोसलाही रंग बदलू शकतो, शिवाय लेबल असतं खोक्याच्या बाहेर, आतल्या मालाला मिळालेला डोस वेगळा असू शकतो. डोस मोजतात डोसिमीटरने, ते अ‍ॅलनिनचे किंवा पर्स्पेक्स प्लास्टिकचे असतात, आणि प्लांटवाले ते डोस मॅपिंग करून (कुठे किती डोस बसतो ते आधी मोजून) ठरवलेल्या जागी ठेवतात. २५ किलोग्रे (ग्रे हे डोसचं एकक) हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो पण तुमच्या प्रॉडक्टचा डोस आयएसओ १११३७ (रेडिएशन स्टेरिलायझेशनचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे तुमच्या व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे आधीच्या चाचण्यांमध्ये, ठरलेला असतो, तो गाठला की नाही हे प्लांटच्या सर्टिफिकेटवरच्या किमान आणि कमाल आकड्यांवरून बघायचं. रिलीज त्यावर करा, शेडवर नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे "फिकं दिसतंय, परत एकदा मारून घेऊ" हा विचार. डोस बेरजेत जातो. कमाल मर्यादा ओलांडली तर पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, पीव्हीसी पिवळं पडतं, म्हणजे चांगला माल आपल्याच हाताने घालवला.

शेड कार्ड (रंगाच्या छटांचा तक्ता) द्या असं बरेच जण म्हणतात. आम्ही देत नाही आणि देणारही नाही, कारण ते हातात आलं की लोक रंगावरून डोस वाचायला लागतात. माल परत आल्यावर किती उजेडात, किती गरमीत पडून होता त्यावरही शेड थोडी बदलते. लेबलवर "स्टेराइल" असं छापून मागतात त्यांनाही आम्ही याच कारणाने नाही म्हणतो, छापायचंच असेल तर "इरॅडिएटेड" (रेडिएशन दिलेलं) छापून देतो.

मग लेबल लावायचं कशाला? गामातून आलेला खोका आणि न गेलेला खोका दिसायला अगदी सारखे, वास नाही, डाग नाही, गोडाऊनमध्ये एकदा मिसळले की डोळ्यांनी वेगळे करताच येत नाहीत. सगळ्या लालमध्ये एक पिवळा दिसला तर मात्र तो बाजूला काढा आणि प्लांटला कळवा, होल्ड करायचा तो हा खोका. (कोबाल्ट-६० च्या गामाने माल रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही, हेही विचारतात म्हणून लिहिलं.)

लेबल माल पाठवायच्या आधी लावायचं, प्रत्येक खोक्यावर, आणि रोल उन्हात किंवा खिडकीपाशी ठेवायचा नाही. अल्ट्राव्हायोलेटनेही रंग चढतो, मग न गेलेला खोकाच लाल दिसतो, आणि ते फिक्या शेडपेक्षा कितीतरी धोक्याचं. आमचे रोल म्हणूनच काळ्या पिशवीत येतात, काम झालं की उरलेला रोल त्यातच परत टाका. खप कमी असेल तर छोटा रोल मागा, प्रत्येकावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. आणि खोक्याचा पुठ्ठा किंवा कोटिंग बदलणार असाल तर आधी एक तुकडा पाठवा, गोंद धरतोय का ते बघून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.