दीक्षाभूमी की चैत्यभूमी? निघण्याआधी हे वाचा
दोन्हीकडे स्तूप, दोन्हीकडे बाबासाहेबांच्या अस्थी आणि दोन्हीकडे पुस्तकांच्या स्टॉलवर झुंबड. त्यामुळे पहिल्यांदाच निघणाऱ्यांची गल्लत होते आणि त्याचा फटका रिझर्व्हेशनपासून बसायला लागतो.

दीक्षाभूमी नागपुरात आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी भन्ते चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंना 22 प्रतिज्ञा दिल्या. चैत्यभूमी मुंबईत, दादरच्या समुद्रकिनारी आहे. 6 डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांवर इथे अंत्यसंस्कार झाले. दोन्ही घटनांत आठ आठवड्यांचंही अंतर नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. चैत्यभूमीची तारीख पक्की आहे, 6 डिसेंबर. दीक्षाभूमीचा मुख्य सोहळा मात्र अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला असतो. 1956 साली दसरा 14 ऑक्टोबरला आला होता, 2024 मध्ये तो 12 ऑक्टोबरला आला आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. 14 ऑक्टोबरलाही लोक अभिवादनाला येतात, पण नुसती ती तारीख धरून तिकीट काढलं तर मुख्य सोहळा हुकतो. आधी कॅलेंडर उघडा, मग तिकीट काढा.

वास्तूही अगदी वेगळ्या आहेत. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या धर्तीवर बांधला असला तरी आतून पोकळ आहे. उंची आणि व्यास सुमारे 120 फूट, चारी दिशांना दारं, आत हजारो माणसं मावतात. 2001 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. आवारातला बोधिवृक्ष आणि 22 प्रतिज्ञा कोरलेला स्तंभ बघायचा राहू देऊ नका. चैत्यभूमीचा स्तूप 1971 चा, अगदी छोटा. चौकोनी वास्तूवर लहान घुमट, आत गोलाकार भिंतीच्या मधे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आणि बुद्धमूर्ती. आत जागाच एवढीशी, त्यामुळे 6 डिसेंबरला रांग तासन्‌तास चालते. लोक एकदोन दिवस आधीच येऊन शिवाजी पार्कवर मुक्काम करतात. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर गर्दीचे दिवस टाळून एरवी जावं हेच बरं.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणजे दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा दिवस, हा आनंदाचा दिवस, तेव्हा शुभेच्छा जरूर द्या. 6 डिसेंबरला मात्र शुभेच्छा नसतात, अभिवादन असतं. दरवर्षी ‘महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’चे बॅनर दिसतात आणि ते मनाला लागतं.

दादरला उतरल्यावर चैत्यभूमीसाठी पश्चिमेला बाहेर पडा. बाबासाहेबांचं घर ‘राजगृह’ पूर्वेला, हिंदू कॉलनीत आहे. दोन्ही बघायचं असेल तर पूल ओलांडावाच लागतो. सहा डिसेंबरला त्या पुलावरच बराच वेळ मोडतो, तेव्हा राजगृह आदल्या दिवशी उरकून घ्या.