मोल्डरचं प्रोफाइल बदलणं : सेटिंग दोन आकड्यांवर कसं आलं

मोल्डर म्हणजे लाकडाला ठरावीक आकार, म्हणजे प्रोफाइल, देणारं मशीन. फिरत्या पात्यांनी लाकूड तासायची कल्पना इंग्लंडमधल्या १७९३च्या एका पेटंटात आहे. पुढे चौकोनी हेड, म्हणजे पाती बसवायचा फिरता ठोकळा, आलं. पातं सपाट बाजूवर बोल्टने आवळायचं, तुकडा चालवायचा, हातोडीने टिचकी मारून पातं सरकवायचं, पुन्हा तुकडा. बोल्ट सैल पडला की पातं भिरकावलं जाई, कोपऱ्यांमधल्या पोकळीत बोटं सापडत. गोल हेडने बोटं वाचवली. पातं सुटणं थांबवलं ते पात्याच्या पाठीवर आणि हेडमध्ये कोरलेल्या, एकमेकांत बसणाऱ्या १.६ मिमी अंतराच्या दातऱ्यांनी.

मग टेम्प्लेट ग्राइंडर, म्हणजे नमुन्याच्या (टेम्प्लेटच्या) कडेवरून तोच आकार पात्याला घासून देणारं मशीन, आलं आणि पातं हेडवर असतानाच धार लागू लागली. पातं हेडमध्ये तिरपं बसतं; या तिरपेपणामुळे (हूक अँगलमुळे) पात्यावरची खोली लाकडावरच्या खोलीपेक्षा जास्त लागते. ग्राइंडरचा टेकू तेवढा सरकवला की टेम्प्लेट लाकडाच्याच मापात कापता येतं.

खरा वाद पुढचा. सेटिंगला दोन आकडे लागतात: फेन्सपासूनचं (माल ज्या कडेला टेकून सरकतो तिच्यापासूनचं) आडवं अंतर आणि हेडची त्रिज्या, म्हणजे मध्यापासून धारेपर्यंतचं अंतर. आडवं अंतर टेम्प्लेटच कायम ठेवतं. त्रिज्याही कायम ठेवा म्हणजे मशीनला हातच लावायला नको, असं एक मत होतं. कागदावर छान! पण धार लावताना ०.१-०.२ मिमी झिजतं आणि पातं पुढे सरकतं ते दातऱ्याच्या टप्प्याने. उरलेलं सगळं स्टील ग्राइंडरच्या चाकाखाली घालायचं? त्यापेक्षा त्रिज्या दरवेळी मोजणं केव्हाही शहाणपणाचं, आणि पुढे तेच रुळलं. फक्त ती प्रोफाइलच्या कुठल्या बिंदूवर मोजायची हे आधी ठरलेलं हवं. मशीनला सर्वांत लहान त्रिज्या अपेक्षित असताना सर्वांत मोठी भरली, तर १२ मिमी खोल प्रोफाइलला वरचं हेड १२ मिमी वर थांबतं आणि माल तेवढाच जास्त जाड निघतो. उलट चूक झाली तर हेड तितकंच खाली उतरतं. ती जास्त महागात पडते.

हायड्रो हेडने ग्रीसच्या दाबाने बोअरमधली, म्हणजे हेडच्या मधल्या भोकातली, ढिलाई काढली. साध्या हेडमध्ये पाती कितीही असोत, शेवटची खूण एकच पातं सोडतं: ६००० आरपीएमला, माल मिनिटाला १२ मीटर सरकत असताना, दर २ मिमीला एक. जॉइंटिंग केलेल्या, म्हणजे फिरत्या हेडवर दगड टेकवून धारा एकाच वर्तुळात आणलेल्या, चार पात्यांनी तीच सफाई ४८ मीटरला मिळते. २०००नंतरच्या, पोकळ शंकूने मशीनला बसणाऱ्या हेडांनी नट आणि स्पेसर घालवले, वेग १२,००० आरपीएमवर नेला.

त्रिज्या मात्र धारेनंतर आजही मोजावीच लागते. हेडवरच्या चिठ्ठीवर जुनाच आकडा राहिला, तर झिजलेले ०.२ मिमी थेट मालाच्या जाडीत वाढलेले दिसतात.