ईईप्रॉम वगळल्यानंतर : मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशवरील लेखनाची पार्श्वभूमी

विजेने पुसता येणारी प्रोग्रॅम-स्मृती असलेले मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरणे चालवणारे एकाच चिपवरचे छोटे संगणक, १९९३च्या सुमारास बाजारात आले. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पुढे वर्षानुवर्षे वापरलेला ८९सी५१ त्यांपैकीच एक. त्याआधी चिप बोर्डावरून काढून अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवली जाई आणि नीट पुसली गेली नाही तर पुन्हा ठेवली जाई. सुरक्षित लेखनाचा, म्हणजे लिहिताना काही बिघडू न देण्याचा, प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो चिप चालू असताना स्वतःचीच स्मृती लिहू लागली तेव्हा.

आठ-बिट चिपांच्या काळात या प्रश्नाला सरळ उत्तर होते. एटीमेगा८ या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ८ किलोबाइट फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी, पण पानापानाने पुसली जाणारी स्मृती) आणि सेटिंगसाठी ५१२ बाइटांचे वेगळे ईईप्रॉम (तशीच टिकणारी, पण बाइटनिहाय पुसता येणारी स्मृती) होते. पहिल्याची हमी १०,००० वेळा लिहिण्याची, दुसऱ्याची १,००,०००. ईईप्रॉममधला एक बाइट बदलताना शेजारच्या बाइटला धक्का लागत नसे. धोका मुख्यतः व्होल्टेज घसरण्याचा, कारण त्या अवस्थेत प्रोसेसर भलत्याच सूचना पाळून भलत्याच जागी लिहू शकतो. त्यासाठी चिपमध्ये ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरताच चिप रीसेट करणारा भाग) होता, पण तो कारखान्यातून बंद स्थितीतच येई.

३२-बिट चिपा स्वस्त होऊ लागल्यावर अनेक मालिकांतून ईईप्रॉम काढून टाकण्यात आले, आणि वाद आहे तो याच निर्णयाबद्दल. समर्थकांच्या मते बाइटनिहाय पुसता येणारी स्मृती सिलिकॉनवर जास्त जागा खाते, आणि तेच काम फ्लॅशवर सॉफ्टवेअरने भागवता येते. हे खरे असले तरी अपुरे आहे. फ्लॅशमध्ये बिट १चा ० सुटा करता येतो, मात्र ०चा १ करायचा तर अख्खे पान, म्हणजे एकदमच पुसला जाणारा स्मृतीचा तुकडा, पुसावे लागते. म्हणून दोन पानांची पद्धत रूढ झाली : प्रत्येक नवी किंमत पानाच्या शेवटी नोंदवायची, पान भरले की ताज्या नोंदी दुसऱ्या पानावर उतरवायच्या, खूण करून त्या पानाला वैध ठरवायचे आणि त्यानंतरच जुने पुसायचे. अधेमधे वीज गेली तर पुढच्या सुरुवातीला दोन्ही पानांवरच्या खुणा पाहून काम कुठे थांबले ते कळते. एसटीएम३२एफ१०३ या ३२-बिट चिपवर १ किलोबाइटच्या पानात चार-चार बाइटांच्या सुमारे २५० नोंदी मावतात, त्यामुळे पुन्हा-पुन्हा पुसण्याने होणाऱ्या झिजेचा हिशेब उत्तम जमतो. वेळेचा मात्र जमत नाही. पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात फ्लॅशमधून पुढची सूचना वाचता येत नसल्याने प्रोसेसर थबकतो. ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट वेगाच्या) सीरियल जोडणीवर तेवढ्यात वीस-चाळीस अक्षरे येऊन हुकू शकतात. एसटीएम३२च्याच एफ४ मालिकेतला १२८ किलोबाइटचा सेक्टर (मोठे पानच) पुसायला तर एखादा सेकंद जातो, आणि वॉचडॉगची (प्रोग्रॅम अडकल्यास चिप रीसेट करणाऱ्या घड्याळाची) मुदत त्याहून कमी असेल तर पुसणे चालू असतानाच चिप रीसेट होते. बचत चिप बनवणाऱ्यांची झाली आणि ही कसरत फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडली.

या पद्धतीचा पायाच पुढे त्रुटी-दुरुस्तीच्या बिटांनी डळमळीत केला. एसटीएम३२च्या एल४ मालिकेत दर ६४ बिटांमागे (म्हणजे एका शब्दामागे) चूक ओळखण्यासाठी ८ तपासणी-बिट आपोआप लिहिले जातात. आधी लिहिलेल्या शब्दातला एखादाच बिट नंतर शून्य करायचा म्हटले, तर तपासणी-बिटांपैकी काहींना ०वरून १वर जावे लागेल, जे पुसल्याशिवाय अशक्य आहे. म्हणून सगळेच शून्य लिहिण्याचा अपवाद सोडला तर हार्डवेअर असे पुनर्लेखन नाकारते. परिणामी पानाची प्रत्येक खूण स्वतंत्र ६४-बिट शब्दात ठेवणे भाग पडले. त्याहून वाईट गोष्ट अशी की लिहिताना वीज गेल्यास अर्धवट राहिलेला शब्द नंतर नुसता वाचला तरी टाळता न येणारा इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) उठू शकतो. तो हाताळणारा कोड नसेल, तर दर वेळी सुरू होताना उपकरण तिथेच अडकते.

दरम्यान काही मालिकांनी ईईप्रॉम टिकवून ठेवले, तर मोठ्या चिपांत फ्लॅशचे दोन बँक आले, म्हणजे एकातून प्रोग्रॅम चालू ठेवून दुसरा पुसता येतो. दूरस्थ फर्मवेअर अद्ययावत करण्याची आजची पद्धत अनेक ठिकाणी त्यावरच उभी आहे. २८ नॅनोमीटरपेक्षा बारीक घडणीच्या चिपमध्ये फ्लॅश बसवणेच अवघड होत असल्याने फेज-चेंज (पदार्थाची अवस्था बदलून माहिती साठवणारी) आणि चुंबकीय स्मृती असलेले मायक्रोकंट्रोलर आता येत आहेत. त्यांत लिहिण्याआधी पान पुसण्याची गरज मुळातच नाही.