चलनाविरुद्ध कोर्टात जायला वकील लागतोच?

"वकील लावल्याशिवाय चलन कोर्टात लढता येत नाही, पैसे भरा आणि मोकळे व्हा." हा सल्ला कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर कायम ऐकू येतो. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०८ नुसार आरोपी वकिलामार्फत किंवा स्वतः हजर राहू शकतो, हे समन्सवरच लिहावं लागतं. गुन्हा कबूल नाही, एवढं न्यायाधीशांपुढं स्पष्ट सांगा. त्याआधी ई-चलनातला फोटो मोठा करून बघा. एमएच ०९ च्या पुढचा आकडा खरंच ३ आहे की ८? गाडी तरी तुमचीच आहे का? आरसी आणि फोटोची प्रिंट बरोबर न्या. लोकअदालतीत मात्र फक्त तडजोड होते. चलनच चुकीचं असेल तर तिथं दंड कमी करून घेण्यात काय अर्थ?