बोटीच्या जुन्या इंजिनाला इंजेक्टर बसवताना

पवनीजवळ गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात वैनगंगा इतकी पसरली आहे की वारा समोरून असला तर वल्ही मारून दंड भरून येतात. म्हणून माझ्या मावसभावाने बोटीच्या मागे अडकवायचं सेकंडहँड इंजिन घेतलं. ४० हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, तीन सिलिंडर आणि प्रत्येकाला एक कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं यंत्र. डिसेंबरच्या पहाटे दोरी ओढून ओढून ते उठत नाही. मेच्या दुपारी जाळं काढायला बंद केलं की अर्धा तास पुन्हा चालू होत नाही. "हे असं काहून करते गा?" त्याने विचारलं.

कार्बोरेटरचा गळा मध्यभागी चिंचोळा असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. बर्नुलीने १७३८ साली मांडलेलं तत्त्व ते हेच. दाब उतरला की वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ओढलं जातं. ना वायर, ना वीज. मला हे यंत्र आजही सुंदर वाटतं. पण त्याला फक्त हवेचा ओढा कळतो, ती हवा गार आहे की तापलेली हे कळत नाही.

पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांवर असतो आणि मेमध्ये ४५ वर. एवढ्या फरकाने हवा ११ टक्के विरळ होते. जेटमधून येणारं पेट्रोल मात्र त्याच्या निम्म्यानेच कमी होतं, म्हणजे मिश्रण सुमारे ६ टक्के गडद होतं, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं. थंडीत अडचण वेगळी असते. पेट्रोलची वाफ होत नाही, थेंब भिंतींना चिकटून राहतात, म्हणून चोक ओढून जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं. आणि मेच्या दुपारी इंजिन बंद केलं की त्याची धग वाटीतल्या पेट्रोलला उकळी आणते. भावाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. म्हणून कार्बोरेटर काढून इंजेक्टर, म्हणजे विजेवर चालणारा पेट्रोलचा फवारा, बसवायचं ठरवलं.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला ९ पटच हवा लागते, त्यामुळे या मिश्रणाचा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. जुन्या जेटचं भोक शुद्ध पेट्रोलसाठी पाडलेलं आहे, म्हणून मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रणावर जोरात पळवलं तर पिस्टन तापून सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसह तळाशी बसतं आणि टाकीची नळी तिथूनच ओढते. यावर इंजेक्टरचा इलाज नाही. पाणी गाळणारा फिल्टर लागतोच.

१ एप्रिल २०२० पासून धुराबद्दलचे बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटरसायकली इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे इंजेक्टर, ३ बार दाबाचा पंप, थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त सोडणारा भाग) ही नावं तालुक्याच्या गॅरेजात आता नवी नाहीत. आमच्या इंजिनात दर सिलिंडरमागे १३ हॉर्सपॉवर येते, म्हणजे एका १५० सीसी बाइकएवढी. मात्र तेवढ्याच ताकदीला टू-स्ट्रोक पेट्रोल जास्त पितं, म्हणून इंजेक्टर त्याहून मोठा हवा.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी झडप असलेला फवारा. किती पेट्रोल जाईल हे तो किती वेळ उघडा राहतो त्यावर ठरतं. ते ठरवणाऱ्या कंट्रोलरला आधी क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, कुठे आहे हे समजावं लागतं. त्यासाठी क्रँकसोबत फिरणाऱ्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, ३६ दातांची कडी बसवून एक दात काढून टाकतात. गाळलेला दात सेन्सरसमोरून गेला की फेरीची सुरुवात कळते. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर एक फेरी १२ मिलिसेकंदांत संपते. प्रत्येक फेरीचं पेट्रोल तेवढ्यात आत गेलं पाहिजे.

फोर-स्ट्रोक इंजिनात आतल्या दाबावरून भार ओळखता येतो. टू-स्ट्रोकमध्ये तो दाब फार हेलकावे खातो, म्हणून थ्रॉटल किती उघडला आणि फेऱ्या किती, या दोन गोष्टींचा तक्ता करून प्रत्येक रकान्यात पेट्रोलचा आकडा भरतात. हवेचं आणि इंजिनाचं तापमान मोजणारे सेन्सर त्या आकड्यात कमी-जास्त करतात. चोकचं काम तिथे होतं.

माझ्या मते खरी अडचण विजेची आहे. कार्बोरेटरचं इंजिन दोरीवर चालतं, बॅटरी नसली तरी अडत नाही. पंपाला मात्र सतत ४-५ अँपिअर लागतात आणि जुन्या इंजिनाची चार्जिंग कॉइल मंद गतीवर तेवढं देत नाही. व्होल्टेज उतरलं की इंजेक्टर उशिरा उघडतो, पेट्रोल कमी पडतं आणि पुन्हा पातळ मिश्रणाचं संकट येतं. बॅटरी, रेग्युलेटर आणि व्होल्टेजची भरपाई करणारा कंट्रोलर या तिन्हींवर काटकसर नको.

भावाला एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली : धूर जाणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना सायलेन्सरकडचा दरवाजा उघडाच असतो, आणि पाव हिश्श्याच्या आसपास पेट्रोल न जळताच निघून जाऊ शकतं. इंजेक्टर कार्बोरेटरच्या जागी बसवला तर ही गळती तशीच राहते. ती थांबवायला दरवाजा बंद झाल्यावर थेट सिलिंडरमध्ये फवारा मारावा लागतो. फिलिपिन्समध्ये एन्व्हायरोफिट संस्थेने टू-स्ट्रोक तीनचाकींना असे संच बसवले. पण त्यासाठी सिलिंडरचं डोकंच बदलावं लागतं, आणि ते आमच्या आवाक्याबाहेर होतं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. ३ बार दाबाची नळी सुटली तर तिथे पेट्रोलचा फवाराच उडेल. म्हणून नळ्या आणि क्लॅम्प दाबाला टिकणारेच घेतले. क्रँकचा सिग्नल थांबताच पंप बंद होतो की नाही, हे किनाऱ्यावरच तीनदा तपासलं.

इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून फक्त खालच्या फेऱ्यांचे रकाने भरता आले, कारण पंख्याला खरा भारच मिळत नाही. ऑक्सिजन सेन्सरवरही विसंबता येत नाही. न जळता निघालेली ताजी हवा त्याला फसवते. म्हणून वरच्या रकान्यांसाठी जाळी, बर्फाची पेटी आणि चार माणसं घेऊन धरणात गेलो. मिश्रण आधी गडद ठेवलं, मग एकेक आकडा खाली आणला आणि दर वेळी जोरात असतानाच इंजिन बंद करून प्लगचा रंग पाहिला. भाऊ सुकाणूवर होता. मी दुपट्ट्याची सावली करून लॅपटॉप बघत होतो. तिसऱ्या फेरीला तिन्ही प्लग तपकिरी निघाले, म्हणजे मिश्रण जमलं.