शेतकरी उत्पादक कंपनीचा ऑडिटर कसा नेमायचा: पात्रता, कागदपत्रे आणि एडीटी-१

कंपनी नोंदली गेली की संचालकांचा सगळा जीव पॅकहाउस, कर्ज आणि खरेदीदारात अडकतो. दिंडोरी-निफाडकडच्या कंपन्यांची कागदपत्रं आमच्याकडे येतात तेव्हा ऑडिटरचं नाव बऱ्याचदा घाईत ठरलेलं असतं. कायद्याने मात्र नोंदणीपासून ३० दिवसांत संचालक मंडळाने पहिला ऑडिटर नेमायचा असतो. तो पहिल्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत काम पाहतो. उत्पादक कंपनीला ही सभा नोंदणीपासून ९० दिवसांत घ्यावी लागते. त्या सभेत सभासद ऑडिटर नेमतात, तो सहाव्या वार्षिक सभेच्या समाप्तीपर्यंत, म्हणजे पाच वर्षांसाठी. दरवर्षी सभेत त्याला पुन्हा मंजुरी घेण्याची अट मे २०१८ पासून राहिलेली नाही.

कोणाला नेमता येतं? सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस असलेला सीए किंवा सीएंची फर्म. हे सोपं आहे. गाडं अडतं ते नात्यागोत्यात. गावातलाच, आपल्या माणसातला सीए असेल तर बरं, असं सगळ्यांना वाटतं. पण कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४१ प्रमाणे ऑडिटरचा नातेवाईक कंपनीत संचालक असेल तर तो ऑडिटर अपात्र ठरतो. सख्खा भाऊ नुसता सभासद असेल आणि त्याच्या शेअर्सची दर्शनी किंमत एक लाख रुपयांपर्यंत असेल, तर चालतं. ऑडिटरच्या स्वतःच्या नावावर मात्र एकही शेअर नको. तो, त्याचा नातेवाईक किंवा भागीदार कंपनीला पाच लाखांपेक्षा जास्त देणं लागत असेल तरीही नेमणूक होत नाही. म्हणून ठराव करण्याआधी सभासदांची यादी ऑडिटरसमोर ठेवा आणि ओळीने वाचून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

उत्पादक कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षणही सीएकडूनच करून घ्यावं लागतं. ते वैधानिक ऑडिटर, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे नेमलेला, करू शकत नाही, कलम १४४ ची मनाई आहे. हिशेब लिहून देण्याचं कामही त्याच्याकडे देता येत नाही. एकाच माणसावर सगळं सोपवण्याची सवय इथे मोडावी लागते.

कागदपत्रं मोजकी आहेत. ऑडिटरचं लेखी संमतिपत्र, आपण पात्र असून नेमणूक कायद्याच्या मर्यादेत आहे असं त्याचं प्रमाणपत्र, सभेच्या ठरावाची प्रत आणि नेमणूक कळवल्याचं पत्र. ही जोडून सभेपासून १५ दिवसांत कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर एडीटी-१, म्हणजे ऑडिटर नेमल्याचं कळवणारा फॉर्म, भरायचा. संचालकाची डिजिटल सही लागते, तिची मुदत आधी तपासा. उशीर झाला की शुल्क पटीत वाढतं. आधीचा ऑडिटर बदलत असाल तर नवा सीए काम घेण्याआधी त्याला लेखी पत्र पाठवतो. ती त्याच्या व्यावसायिक आचारसंहितेची अट आहे, त्यावर रुसू नका.

फॉर्म भरला की ऑडिटरची पत्रं सुरू होतात आणि संचालक वैतागतात. ही पत्रं कुठून येतात ते समजून घेतलं तर वैताग कमी होईल. आपल्या देशातली लेखापरीक्षण मानकं सनदी लेखापाल संस्थेने आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतली आहेत, इतकी की क्रमांकही जुळवून घेतले. कामाच्या अटींचं पत्र तिकडे आयएसए २१०, इकडे एसए २१०. कलम १४३ प्रमाणे ही मानकं पाळणं ऑडिटरवर बंधनकारक आहे, मग कंपनी रोटरडॅमला द्राक्षं पाठवणारी असो की लासलगावला कांदा.

उदाहरणार्थ बँकेची खातरजमा, म्हणजे खात्यात शिल्लक किती आणि कर्ज किती हे बँकेने लेखी कळवणं. एसए ५०५ प्रमाणे मागणीच्या पत्रावर सही तुमची, पण बँकेचं उत्तर थेट ऑडिटरकडे. ‘मी जाऊन आणून देतो’ हे आपुलकीचं असलं तरी त्या उत्तराची किंमत तिथेच संपते. आणि साठा. तो मोठा असेल तर एसए ५०१ प्रमाणे ऑडिटरने मोजणीला स्वतः हजर राहायचं असतं. नेमकी ३१ मार्चला आपल्याकडे द्राक्षाची धांदल. एका पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगच्या खोलीत पाच किलोचे बॉक्स मोजत असताना दारात कंटेनर लागलेला होता. मोजलेले बॉक्स भरले जात होते आणि न मोजलेले आत येत होते. शेवटी दोन तास गेट बंद ठेवलं तेव्हा आकडा जुळला. ही वेळ आधी ठरवा. कांदा असेल तर चाळीत घातल्याची तारीख आणि वजन लिहून ठेवा. चाळीत वजन घटतं, आणि नोंद नसेल तर ती घट की गळती, हे कोणालाच सांगता येत नाही.

शेवटी व्यवस्थापनाचं लेखी निवेदन, एसए ५८०. छापील मसुद्यावर न वाचता सही करू नका. माहिती पूर्ण दिल्याची कबुली त्यात तुमची असते. अहवाल हातात आला की त्यावरचा यूडीआयएन, म्हणजे त्या अहवालाचा अक्षरं-आकडे मिळून १८ खुणांचा ओळख क्रमांक, सनदी लेखापाल संस्थेच्या पोर्टलवर टाकून पाहा. बँकही तोच पाहते.